दोरीउड्या मारताना लघवी होते, उड्या सोडून देऊ का?

भुसावळची_लेक: ताया हो, विषय अवघड आहे पण घरात विचारणार तरी कोणाला. वय ३४, दोन्ही डिलिव्हरी नॉर्मल, धाकटा ९ महिन्यांचा. वजन उतरवायचं म्हणून महिन्यापासून दोरीउड्या चालू केल्यात, आपल्याकडे सकाळी आठलाच चटके बसतात म्हणून पहाटेच धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, जाते. तीस-चाळीस उड्या झाल्या की थेंब थेंब लघवी होते, आता तर शिंकलं तरी होते. म्हणून उठल्यावर पाणीच पीत नाही आणि वर जायच्या आधी दोनदा बाथरूमला जाऊन येते. सासूबाई म्हणतात दोन लेकरं झाल्यावर हे असंच राहतं. खरंच का?

फिजिओ_धुळे: नाही ताई, खूप जणींना होतं हे खरं पण तसंच राहिलं पाहिजे असं अजिबात नाही. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात, मूत्राशय, गर्भाशय सगळं तिच्यावर टेकलेलं. बाळंतपणात ती ताणली जाते आणि उडी मारून खाली आलं की सगळा दाब तिच्यावरच. आधी पाणी तोडणं बंद करा, भुसावळच्या उन्हात तर मुळीच नको, लघवी कडक झाली की उलट जास्त वेळा लागते. आणि लागली नसताना सारखं जाऊन यायची सवय पण चांगली नाही.

व्यायाम असा, गॅस आणि लघवी दोन्ही अडवल्यासारखं आतून वर ओढायचं, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू, मग पूर्ण सैल सोडायचं, सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. एका वेळी ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा. मात्र तिथे दुखत असेल किंवा संबंधाच्या वेळी त्रास होत असेल तर स्नायू आधीच आखडलेले असू शकतात, मग तपासल्याशिवाय हे करू नका. तोवर उड्यांऐवजी भरभर चाला.

मावशी_चाळीसगाव: माय, लाज धरू नको. मी धरली. कापसाचे गाठोडे उचलले, पाण्याचे हंडे उचलले, खाली जड जड वाटायचं, काहीतरी उतरल्यासारखं, कोणाला बोलले नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं अंग बाहेर येतंय, म्हणजे गर्भाशय खाली सरकतंय, आता ते आत धरून ठेवायला रिंग बसवली आहे, बरं आहे. तुला तसं जड वाटत असेल तर आजच दाखव. आणि संडासला कुंथत बसू नको, त्यानंही खाली जोर पडतो.

भुसावळची_लेक: मावशी, जड नाही वाटत पण दाखवून येतेच. ३ महिन्यांनी परत दोरी हातात घेतली तर सुरुवात कशी करू?

खोखो_ताई_जळगाव: आधी दोरीशिवाय दहा उड्या, कोरडं राहिलं तरच दोरी. दोरीच्या मधोमध उभं राहिलं की दोरीच्या दोन्ही टोकांच्या मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत, लांब दोरीला उगाच उंच उडावं लागतं. पाय जमिनीपासून जेमतेम सुटला तरी दोरी जाते. चवड्यावर उतरा, गुडघे सैल, श्वास कोंडू नका. धाब्याच्या सिमेंटवर जाड मॅट टाका आणि बूट घाला. वीस सेकंद उड्या, तेवढाच आराम, असे चार-पाच वेळा. थेंब आला की त्या दिवशी तिथेच थांबायचं, उद्या कमी उड्या.