मदत हवी आहे : नव्या विक्री प्रतिनिधींची तयारी कशी तपासावी?

नमस्कार. बियाणे व कीटकनाशके विकणाऱ्या एका कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्या विक्री प्रतिनिधींना प्रशिक्षण देण्याचे काम मी यवतमाळ जिल्ह्यात करतो. उत्पादनांची माहिती, मागणी नोंदवण्याचे ॲप आणि वसुलीचे नियम वर्गात नीट शिकवून होतात. अडचण कृषी केंद्राच्या काउंटरवर सुरू होते. कापूस विकला जाईपर्यंत उधारी मागणारा दुकानदार समोर आला, किंवा बोंडअळीसाठी दोन औषधे एकत्र मिसळू का असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले, की लक्ष्य गाठण्याच्या घाईत ही मुले होकार देऊन मोकळी होतात.

यातला दुसरा प्रसंग मला फार गंभीर वाटतो. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे इथे कोणी विसरलेले नाही. म्हणून डब्यावरील त्रिकोणाचा रंग (लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा) दाखवूनच बोलावे आणि लेबलावरील शिफारशीबाहेर काहीही सुचवू नये, असा माझा आग्रह असतो. वर्गातल्या सरावात सगळे बरोबर उत्तर देतात, कारण समोर सहकारीच ग्राहक झालेला असतो.

प्रतिनिधीला एकट्याने गावांत पाठवण्याआधी तो तयार आहे, हे आपण कशावरून ठरवता? सरावासाठी अनुभवी दुकानदारांना वर्गात बोलावण्याचा प्रयोग कोणी केला आहे का? सुरुवातीचे काही महिने विक्रीचे लक्ष्य देऊ नये, हे व्यवस्थापनाला कोणी पटवून दिले असल्यास ते कसे, तेही कृपया सविस्तर लिहावे. खरीपापूर्वी पुढची तुकडी रुजू होणार आहे.