एफएसएच नॉर्मल आलं, पण लक्षणं सगळी पाळी जायची. काय समजायचं?

अबोली:
वय ४६. पाळी कधी तीन आठवड्यांत येते, कधी दोन महिने पत्ता नाही. रात्री छातीतून गरम वाफ वर चढते, मान-चेहरा तापतो, घामाने कपडे भिजतात आणि लगेच थंडी वाजते. पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हॉर्मोन) रक्तात तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे हे मेनोपॉजचं नाहीच का? असेल तर हॉर्मोन घ्यायची वेळ कधी येते?

निशिगंध:
अबोलीताई, त्या रिपोर्टवर जाऊ नका. या वयात अंडाशय एकदम थांबत नाही, अडखळत चालतं. एका महिन्यात इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारं हॉर्मोन) नेहमीपेक्षाही वर, पुढच्या महिन्यात पार खाली, आणि एफएसएच त्यामागे हेलकावे खातं. रक्त घेतलं त्या दिवसाचा आकडा तेवढा हाती लागतो. म्हणून पंचेचाळिशीनंतर वय, पाळीचं बदललेलं चक्र आणि लक्षणं यांवरूनच निदान करतात. एफएसएच खरं कामाचं चाळिशीच्या आत पाळी थांबते तेव्हा, आणि तिथेही ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोनदा बघतात. सलग १२ महिने पाळी आली नाही तर मेनोपॉज झाला असं म्हणतात. तुमचा हा त्याआधीचा काळ, पेरिमेनोपॉज.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन मात्र करून घ्या. थायरॉइडचं काम जास्त वाढलं की घाम, धडधड, झोप उडणं हे सगळं असंच होतं. फरक असा की हॉट फ्लॅश, म्हणजे तुमची ही गरम वाफ, लाटेसारखा येतो आणि बहुतेक वेळा १ ते ५ मिनिटांत ओसरतो. हात सतत थरथरत असतील, वजन उतरत असेल किंवा ताप येत असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

दोन-तीन महिने नोंद ठेवा: पाळीच्या तारखा, अंगावरून किती जातं, वाफा किती वेळा आल्या, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा ही वही जास्त सांगेल.

रानजाई:
वाफा का येतात हे कळलं की उपाय सुचतात. शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग इस्ट्रोजेन घटल्यावर फार हळवा होतो. एरवी जाणवलंही नसतं एवढी उष्णता वाढली तरी तो रक्तवाहिन्या फुलवतो आणि घाम सोडतो. म्हणून खोली थंड ठेवा, जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ घ्या, म्हणजे वाफ येताच एक बाजूला सारता येतं. कॉफी, मद्य आणि तिखट यांतलं तुम्हाला काय बाधतं ते वहीतून कळेल. सगळंच सोडायची गरज नाही.

झोपेसाठी: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच ठेवा. जाग येऊन वीसेक मिनिटं झाली तर अंथरूण सोडा, मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. नुसतं पडून राहिलं की अंथरुणाचीच धास्ती बसते. सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत झोप आणि वाफांचा त्रास दोन्हींवर उपयोगी आहे.

निशिगंध:
आता हॉर्मोन. पाळी पूर्ण जायची वाट पाहावी लागत नाही. त्रासाने रोजचं जगणं अडत असेल तर आत्ताही सुरू करता येतात. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केले तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय असेल तर गोळी, पॅच किंवा जेलमधून नुसतं इस्ट्रोजेन कधीच नको, आतलं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका होतो. सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन हवंच. त्वचेवरच्या पॅच किंवा जेलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी. फरक कळायला काही आठवडे लागतात, आठवड्याभरात सोडू नका. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुफ्फुसात गुठळी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर आधी ते स्पष्ट सांगा. अशांना व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिनसारखी बिनहॉर्मोनची औषधं आहेत.

अबोली:
खूप मदत झाली. दोन गोष्टी राहिल्या. खाली कोरडेपणा आणि लघवीला जळजळ आहे. आणि गर्भनिरोधक आता बंद केलं तर चालेल?

रानजाई:
नाही, इतक्यात बंद करू नका, अंडं मधूनच सुटतं. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर २ वर्षं, पन्नाशीनंतर १ वर्ष काळजी घ्यायची. हॉर्मोन थेरपीने गर्भ टळत नाही.

जळजळीसाठी आधी लघवीची तपासणी करा, दर वेळी अंदाजाने अँटिबायोटिक नको. जंतू नसतील तर योनीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून २-३ वेळा, संबंधांच्या वेळी वेगळं ल्युब्रिकंट. तेलकट असेल तर लॅटेक्सचा कंडोम फाटतो, म्हणून पाण्याच्या आधाराचं निवडा. आतून साबण अजिबात नको. एवढ्याने भागलं नाही तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन मिळतं: सहसा दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. वाफा कालांतराने कमी होतात, हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, म्हणून अंगावर काढू नका.

निशिगंध:
एक भर. तासातासाला पॅड बदलावा लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसत असेल, तर ‘या वयात असं होतंच’ म्हणून थांबू नका. आणि १२ महिने पाळीविना गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी ती परत आलेली पाळी समजू नका. त्याच आठवड्यात दाखवा, सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात आणि लागलं तर तुकडा तपासतात.