उन्हाळी शिबिर की उघडी कपाटे? तालुक्याच्या वाचनालयाने मे महिन्यात काय करावे

वेशीवरचा वाचक (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या फलकावर यंदाही उन्हाळी शिबिराची सूचना लागली आहे. दहा दिवस, सकाळी आठ ते अकरा, शुल्क सहाशे रुपये. विषय चित्रकला, नृत्य, वैदिक गणित, सुंदर हस्ताक्षर आणि व्यक्तिमत्त्व विकास. वाचनालयाने भरवलेल्या शिबिराच्या या यादीत वाचन कोठेही नाही. गेल्या वर्षी हे शिबिर ज्या सभागृहात भरले त्याला लागूनच बालविभाग आहे, आणि त्या दहाही दिवसांत बालविभागाच्या कपाटांना कुलूप होते, कारण वाचनालयातील एकमेव साहाय्यक शिबिराची हजेरी आणि मुलांचा अल्पोपहार सांभाळण्यात गुंतला होता. इतकी मुले दारापर्यंत आली आणि पुस्तकाला हात न लावता परत गेली, याचे मला वर्ष उलटल्यावरही वाईट वाटते.

माझे म्हणणे असे आहे की वाचनालयाने हे शिबिर बंद करावे. वार्षिक परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यास शाळा उघडेपर्यंत मुलांना अनामत न घेता सभासद करून घ्यावे, बालविभाग मुक्तद्वार ठेवावा, म्हणजे मुलांना कपाटांतून पुस्तके स्वतः काढून पाहू द्यावीत, आणि सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळांखेरीज दुपारी बारा ते चार या वेळेतही दार उघडे असावे. बहुतेक लहान वाचनालयांत मुलाने खिडकीपाशी उभे राहून पुस्तकाचे नाव सांगायचे आणि आतून ते आणून द्यायचे, अशी पद्धत अजून चालते. नऊ वर्षांच्या मुलाला पुस्तकांची नावे ठाऊक नसतात. पुस्तक हाती घेऊन, चाळून, चित्रे पाहून, परत ठेवून तो ठरवतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे आहे, आणि कुलूपबंद कपाटात ते सूत्र मोडते.

हा केवळ माझ्या आवडीचा प्रश्न नाही. सुट्टीत गरीब घरातील मुलांचे वाचन मागे पडते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशा मुलांना सलग तीन उन्हाळे, दरवर्षी बारा पुस्तके, त्यांनी स्वतः निवडलेली, घरी देण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांची वाचनातील प्रगती पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा लक्षणीय चांगली दिसली, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत गरीब मुलांना झाला. त्यांना सुट्टीत वर्गही दिले नव्हते आणि शिबिरही भरवले नव्हते.

ग्रंथपाल, तालुक्याचे ‘ब’ वर्ग वाचनालय

आपली तळमळ मला समजते. मी दुसऱ्या जिल्ह्यातील अशाच एका वाचनालयात काम करतो आणि आमच्याकडेही शिबिर भरते. ते बंद करावे, हे मात्र मला मान्य नाही, आणि त्याची कारणे आपण वाचनालयाच्या आतून पाहावीत अशी विनंती आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते, ते दोन हप्त्यांत येते आणि त्यातील निम्मी रक्कम वेतनाची असते. वेतन म्हणजे किती, ते येथे लिहिण्यास मला संकोच वाटतो. शेतमजुराची रोजी त्याहून बरी असते, एवढेच सांगतो. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, नियतकालिके, वीजबिल, बांधणी आणि इमारतीची डागडुजी बसवायची. उन्हाळ्यात दोन कूलर दिवसभर चालवले की बिल कोठे जाते, ते दुपारी वाचनालय उघडे ठेवा असे सांगणाऱ्याने एकदा पाहावे. शिबिराचे शुल्क हा वर्षातील एकमेव पैसा असा आहे, जो आम्ही गरज पाहून खर्च करू शकतो. गेल्या वर्षी त्यातूनच बालविभागाची फाटकी पुस्तके पुन्हा बांधून घेतली.

आता अनामतीविषयी. पुस्तक गहाळ झाले तर तपासणीच्या वेळी, प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या दाखलनोंदवहीपुढे उभे राहून उत्तर मला द्यावे लागते, कार्यकारी मंडळाला नाही. मुक्तद्वार पद्धतीचा मी विद्यार्थी असताना अभ्यास केला आहे आणि ती मला मनापासून पटते. पण पुस्तक हरवण्याची भीती ज्याच्या एकट्याच्या माथ्यावर टाकली आहे, तो माणूस कुलूप काढण्यास धजत नाही. आधी ती भीती दूर करा.

आणखी एक गोष्ट. ‘वाचायला पाठवा’ असे म्हटल्यावर आमच्या गावातील पालक मुलांना पाठवत नाहीत. ‘हस्ताक्षर सुधारेल’ म्हटल्यावर पाठवतात. दार ओलांडण्याचे निमित्त म्हणून मला हस्ताक्षर चालते.

दोन शाळकरी मुलांची आई

ग्रंथपाल सर, निमित्ताचे आपले म्हणणे मला पटले असते, पण दोन मुलांचे बाराशे रुपये भरून दार ओलांडणे आमच्यासारख्यांना जमत नाही. आमचे घर पत्र्याचे आहे. मे महिन्यात दुपारी घरात बसवत नाही, आम्ही दोघेही कामावर असतो, आणि मुले देवळाच्या मंडपात नाहीतर रस्त्यावर असतात. गावात पंखा, थंड पाणी आणि बसायला बाक असलेली, पैसे न मागणारी जागा कोणती, असे मला विचारले तर मला एकही सांगता येणार नाही. वाचनालय तशी जागा होऊ शकते, यासाठी मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

पण धागाकर्त्यांच्या बोलण्यातही एक गोष्ट सुटली आहे. माझी मुलगी पुस्तक दिले की वाचत बसते. मुलगा पाचवीत गेला आणि त्याला अजून सलग वाचता येत नाही. तो अक्षर अक्षर लावतो, थकतो आणि पुस्तक मिटतो. मुलांच्या वाचनाची आणि गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच येत आले आहे की पाचवीतील कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा सहज वाचता येत नाही. अशा मुलासमोर आपण सगळी कपाटे उघडली, तरी तो त्यांच्याकडे पाठ करूनच बसेल. त्याला कोणीतरी जवळ बसवून मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे, एक ओळ त्याने, एक ओळ मोठ्या माणसाने, असे रोज. गेल्या सुट्टीत शेजारच्या आजींनी जुन्या मासिकातील एक गोष्ट अर्धी वाचून दाखवली आणि ‘उरलेली उद्या’ म्हणून मासिक मिटले. त्या रात्री त्याने बहिणीकडून उरलेली गोष्ट वाचून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा परिच्छेद स्वतः लावला. म्हणून कार्यक्रम बंद करा असे म्हणू नका. कोणता कार्यक्रम, ते ठरवा.

अभ्यासिकेतला विद्यार्थी

या चर्चेत आमचा विचार कोणीच करत नाही. आम्ही स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी वर्षभर दरमहा अभ्यासिकेचे शुल्क भरतो, आणि त्या शुल्कावर अनेक वाचनालये टिकून आहेत, हे ग्रंथपालही मान्य करतील. आमच्यापैकी पुष्कळ जण खेड्यांतून येतात, एका खोलीत चौघे राहतात, आणि दुपार ही आमच्या अभ्यासाची मुख्य वेळ असते. त्याच वेळी शेजारच्या दालनात मुलांना मोठ्याने वाचून दाखवणे सुरू झाले, तर आम्ही जायचे कोठे? मुलांच्या विरोधात मी नाही. मात्र शिबिर निदान सकाळी तीन तास असते आणि दहा दिवसांत संपते. येथे जे सुचवले जात आहे ते दीड महिना चालणार आहे.

निवृत्त शिक्षक

विद्यार्थ्याची अडचण खरी आहे आणि ती जागेची आहे. दुपारी शाळांच्या खोल्या रिकाम्या असतात. वाचनालयाने आपल्या कार्यक्रमासाठी एक खोली मागून घेतली, तर अभ्यासिकेची शांतता भंगणार नाही. तो प्रश्न तेथेच सोडवता येईल.

मला मतभेद नोंदवायचा आहे तो धागाकर्त्यांच्या मूळ भूमिकेशी. पुस्तक देणे एवढेच वाचनालयाचे काम, ही कल्पना आपल्या परंपरेला धरून नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. त्या ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षण शाखा होती. ती गावोगाव जाऊन सिनेमायंत्राने आणि जादूच्या कंदिलाने चित्रे दाखवत असे. चित्रे पाहण्यास जमलेल्या माणसांपैकी अनेकांना अक्षरओळखही नव्हती, तरी ते वाचनालयाचेच काम मानले गेले. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला न्या. रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली, आणि पुढे तिच्या धर्तीवर कितीतरी गावांतील वाचनालयांनी वैशाखातील संध्याकाळी व्याख्याने ठेवली. माझ्या लहानपणी आमच्या गावात ती मोकळ्या अंगणात, सडा घातलेल्या जमिनीवर सतरंज्या टाकून होत. वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या त्या व्याख्यानांतील मला एक वाक्यही आठवत नाही, पण गावातील मोठी माणसे तासभर गप्प बसून एका माणसाचे ऐकतात, हे मी तेथे पाहिले. आज उन्हाळ्यातील सगळा विचार मुलांभोवती फिरतो आणि मोठ्यांसाठी काहीच उरत नाही, ही मला उणीव वाटते.

दुसरे असे की मे महिन्यात मुले गावात असतातच कोठे? कोणी मामाकडे जाते, कोणी आजीकडे. तालुक्याच्या गावातील मुले वाड्यावस्त्यांवर जातात आणि पुण्या-मुंबईची मुले येथे येतात. बडोद्याच्या खात्याने फिरत्या पेट्या काढल्या होत्या. पुस्तकांनी भरलेली पेटी एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने तीच पेटी आपल्या काळात आणली. तालुक्याच्या वाचनालयाने एप्रिलच्या अखेरीस चार पेट्या भरून चार वाड्यांवरच्या चार विश्वासू घरांत ठेवल्या, तर इमारतीच्या वेळांचा आणि विजेच्या बिलाचा निम्मा वाद उरत नाही. साताऱ्यातील भिलारमध्ये २०१७ पासून घरांच्या ओट्यांवर आणि खोल्यांत पुस्तके ठेवलेली आहेत. तेथे शासनाचे पाठबळ आहे, हे मी जाणतो. पण घरात ठेवलेले पुस्तक लोक सांभाळतात, एवढे तरी त्यावरून दिसते.

वेशीवरचा वाचक (धागाकर्ता)

ताईंनी लिहिलेला परिच्छेद मी तीनदा वाचला. उघडी कपाटे पुरेशी आहेत, असे मी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्यासारखे मूल होते, ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत असे आणि ज्याला शाळेआधी वाचता येत होते. तो माझा दोष मी मान्य करतो. शिवाय फ्लोरिडाच्या अभ्यासाविषयी माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली: ती बारा पुस्तके मुलांनी सुट्टीपूर्वी शाळेत मांडलेल्या पुस्तक जत्रेतून निवडली होती. म्हणजे निवडीचा एक कार्यक्रम तेथेही झालाच होता. मोठ्याने वाचन, पुस्तकांची मांडणी, गोष्ट सांगणे, हे सगळे वाचनालयाने करावे, याला माझी पूर्ण संमती आहे.

सरांची पेटीची कल्पना मला फार आवडली. दोन पेट्यांचा खर्च मी उचलतो, आणि त्यांतील हरवलेल्या पुस्तकांची किंमतही भरून देतो.

नृत्य आणि वैदिक गणिताबाबत मात्र मी मागे हटत नाही. ग्रंथपाल महोदय, आपली आर्थिक अडचण मला ठाऊक नव्हती आणि आपल्या वेतनाविषयी वाचून मला खेद झाला. तरीही ज्या गोष्टी गावातील चार खाजगी शिकवण्यांत मिळतात, त्यांच्यासाठी सार्वजनिक वाचनालयाने आपले मनुष्यबळ खर्च करावे आणि पैसे भरू न शकणारे मूल त्याच इमारतीच्या फाटकाबाहेर राहावे, हे मला न्याय्य वाटत नाही. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर लिहिलेला आहे. शुल्कातून मिळणारे पैसे उभे करण्यासाठी गावातील व्यापारी, पतसंस्था आणि माजी विद्यार्थी यांच्याकडे जाऊ या; मी सोबत येतो.

ग्रंथपाल, तालुक्याचे ‘ब’ वर्ग वाचनालय

व्यापाऱ्यांकडे मी तीन वर्षे गेलो आहे. ते गणपतीला वर्गणी देतात आणि वाचनालयाला पुस्तके देतात, तीही घरातील रद्दीतून. त्यामुळे शुल्क पूर्णपणे सोडण्याची हमी मी देऊ शकत नाही, आणि आपले मत वेगळे आहे हे मान्य करूनही शिबिर चालूच ठेवावे लागेल, असे मला वाटते.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन विषय मी लेखी ठेवणार आहे. शिबिरातील एक तास सक्तीने बालविभागात, कुलूप काढून, मोठ्याने वाचनाचा असावा. शुल्क भरू न शकणाऱ्या मुलांना नाव न पुकारता प्रवेश द्यावा. आणि सुट्टीच्या काळात बालविभागातील ठरावीक संख्येपर्यंत पुस्तके गहाळ झाल्यास ती ग्रंथपालाच्या नावावर न टाकता मंडळाने ठराव करून निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदीतून कमी करावीत. तिसरा विषय मंजूर झाला, तर कपाटाची किल्ली मी स्वतः मुलांच्या हाती देईन. तो मंजूर होण्यासाठी सभासदांपैकी कोणीतरी बैठकीत उभे राहून बोलावे लागते, आणि आजवर वार्षिक सभेला आमच्याकडे गणपूर्तीपुरतेही सभासद येत नाहीत.

दोन शाळकरी मुलांची आई

सर, मी आमच्या वाचनालयाची सभासद नाही. वर्गणी किती असते आणि सभासद झालेल्या बाईला सभेत बोलता येते का, एवढे कृपया सांगावे. आमच्याकडची सभा कधी असते, तेही मी उद्या विचारून येते.