मर्थर १८३१: फाशी गेलेला आठवतो, पेटीवाला का नाही?

वाटसरू
दक्षिण वेल्समधलं मर्थर टिडफिल हे त्या काळी लोखंडाचं गाव. जून १८३१ मध्ये तिथे कामगार उठले आणि काही दिवस गाव सरकारच्या हातात राहिलं नाही. आज त्यातलं एकच नाव लोकांच्या तोंडी आहे, रिचर्ड लुईस ऊर्फ डिक पेंडेरिन. वय २३, आरोप डोनाल्ड ब्लॅक नावाच्या शिपायाच्या पायात संगीन खुपसल्याचा, १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी. शिपाई वाचला, आणि भोसकणारा कोण हे त्याला स्वतःलाच ओळखता आलं नाही. अन्याय झाला, त्यात वाद नाही. पण या हुतात्म्यापायी मूळ भांडण मागे पडलं असं माझं मत. भांडण उधारीचं होतं.

३१ मे रोजी वसुली कोर्टाचे बेलीफ लुईस लुईसच्या दारात आले (हा वेगळा माणूस, डिक नव्हे). शेजारीपाजारी आडवे झाले, बेलिफांना उंबरा ओलांडू देईनात. मॅजिस्ट्रेट ब्रूस मध्ये पडले आणि तोडगा निघाला: एक पेटी न्या, बाकी घराला हात लावू नका. पेटी गेली एका दुकानदाराच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी लुईस जमाव घेऊन त्या दुकानदाराकडे गेला आणि पेटी उचलून आणली. मग मर्थरच्या वाटेवर ज्याच्या-त्याच्या घरातून जप्तीचा माल काढून मूळ मालकांना परत. २ जूनला कोर्टाचे प्रमुख जोसेफ कॉफिन यांचं घर फोडलं, कोर्टाच्या वह्या जाळल्या. भूक लागली म्हणून दगड मारणारी ही माणसं नव्हती. त्यांच्याकडे हिशेब होता.

भट्टीकर
असहमत. उधारी का झाली ते सांगा की! १८२९ पासून लोखंडाचा भाव पडत होता. कवार्थवाच्या कारखान्याचा मालक विल्यम क्रॉशे याने १८३१ च्या वसंतात मजुरी कापली, ८४ पडलरना कामावरून काढलं. पडलर म्हणजे भट्टीतलं वितळलेलं लोखंड सळईने ढवळून शुद्ध करणारा, कारखान्यातला सगळ्यात कसबी माणूस. त्याचाच पगार गेला तर वाण्याचं देणं कुठून देणार? कोर्ट हे लक्षण, रोग मजुरीचा.

आणि क्रॉशेला सरसकट खलनायक करू नका. कंपनीच्या दुकानातूनच माल घ्या, अशी सक्ती करण्याच्या तो विरोधात होता. संसदेच्या सुधारणांचाही पुरस्कर्ता.

तिरकस
@भट्टीकर, सुधारणांचा पुरस्कर्ता आणि तरी पगार कापतो. फारच पुरोगामी.

रानजाई
वाटसरू, मी कार्डिफला राहते. फाशीची जागा आज बाजाराच्या सेंट मेरी स्ट्रीटकडच्या दारापाशी आहे, तिथे पाटी लावली आहे. लोक भाजी घेऊन त्या पाटीखालून जातात. 'हुतात्म्यापायी विसरलो' हे मला उलटं वाटतं. डिक नसता तर पाटीही नसती आणि तुमच्या पेटीची गोष्ट इतिहासाच्या प्राध्यापकांपलीकडे कुणाला ठाऊक नसती.

त्याच्यासाठी धावपळ कुणी केली बघा. नीथचे जोसेफ ट्रेगेलिस प्राइस, स्वतः लोखंडाच्या कारखान्याचे मालक, पण क्वेकर, म्हणजे हिंसेच्या विरोधातल्या ख्रिस्ती पंथाचे. अर्जावर ११,००० सह्या जमल्या. गृहमंत्री मेलबर्न बधले नाहीत. लुईस लुईसलाही शिक्षा फाशीचीच सुनावली होती, पण जॉन थॉमस नावाच्या खास कॉन्स्टेबलने साक्ष दिली की जमावापासून यानेच मला वाचवलं, म्हणून जन्मठेप देऊन त्याला ऑस्ट्रेलियाला पाठवलं. दोघांतला पुढारी जगला आणि गर्दीतला एक जण लटकला. सरकारला एक तरी फास हवा होता, दुसरं काय! १८७४ मध्ये अमेरिकेत मरणाच्या दारातल्या एका माणसाने कबुली दिली की संगीन मी खुपसली होती.

खडूस_आजोबा
सगळे डिकभोवती फिरताय. ३ जूनला कॅसल इन या खानावळीसमोर काय झालं ते कुणी लिहिणार आहे का? आत कारखान्यांचे मालक आणि मॅजिस्ट्रेट, दारात ९३ व्या हायलँडर पलटणीचे साधारण ८० जवान, समोर हजारोंचा जमाव. जवानांच्या हातची हत्यारं हिसकावायला सुरुवात झाली आणि खिडक्यांतून गोळ्या सुटल्या. कमीत कमी १६ गावकरी मेले. शिपाई एकही मेला नाही. तरी खटला गावकऱ्यांवर.

वाटसरू, त्यानंतर याच लोकांनी स्वान्झीच्या घोडेस्वार पथकाला वाटेत गाठून त्याची हत्यारं काढून घेतली. ही पण उधारीची वसुली म्हणायची?

तिरकस
मर्थरच्या जमावाचा लाल झेंडा सांगायचा राहिला. वासराच्या रक्तात बुडवलेलं कापड, टोकाला पाव. 'जगात पहिल्यांदा लाल बावटा इथे फडकला' असं लिहिणाऱ्यांनी जरा दमानं. १७९७ च्या नोअरच्या बंडात इंग्रज खलाशांनी लाल निशाण लावलं होतं.

वाटसरू
@तिरकस, खलाशांचं मान्य, पण टोकाला पाव खोचलेला झेंडा मर्थरचाच.

@भट्टीकर, पगार मर्थरआधी आणि नंतरही खूप ठिकाणी कापले गेले. प्रत्येक ठिकाणी कोर्टाच्या वह्या जळल्या नाहीत. पडलरचा राग क्रॉशेवर होता, तर जमाव पहिल्यांदा कॉफिनच्या घरी का गेला, क्रॉशेच्या का नाही?

@आजोबा, गोळीबारानंतर भांडण बदललं, हे मान्य. ३ जूननंतरचं बंड आणि त्याआधीचं, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मी पहिल्याबद्दल बोलतोय.

@रानजाई ताई, पाटीवर लुईस लुईसचं नाव आहे का?

रानजाई
पाटी डिकसाठी आहे, तुमच्या पेटीवाल्यासाठी नाही. वेगळी हवी असेल तर सह्या जमवा. मागच्या वेळी ११,००० पुरल्या नव्हत्या.

भट्टीकर
कॉफिनचं घर गावात होतं, क्रॉशेचा नवा वाडा गावाबाहेर. जवळचं आधी फोडलं, इतकं साधं आहे. बाकी चर्चा उद्या, सेकंड शिफ्ट आहे.