मदत हवी आहे: ‘जास्त की कमी’ खेळासाठी देशांच्या जोड्या कशा लावाव्यात?

नमस्कार मंडळी. देशांच्या क्षेत्रफळावर ‘जास्त की कमी’ हा ऑनलाइन खेळ मराठीत तयार करतोय. डाव्या कार्डावर आकडा दिसतो, उजव्याचा झाकलेला; तो डाव्यापेक्षा जास्त की कमी, हे ओळखायचं. अंदाज बरोबर आला की उजवं कार्ड डावीकडे सरकतं, चुकला की डाव संपला.

गाडी अडलीय ती आकड्यांवर. पाण्यासह मोजलं तर कॅनडा (सुमारे ९९.८ लाख चौ. किमी) जगात दुसरा, पण तळी-नद्या वगळून नुसती जमीन धरली तर चीन आणि अमेरिकेच्याही मागे, चौथा! एकाच शीटमध्ये दोन्ही प्रकारचे आकडे मिसळले, तर बरोबर उत्तर देणाराही बाद होतो. कोणतं माप धरावं?

दुसरं, जोडीतलं अंतर. अल्जेरिया २३.८ लाख, काँगो लोकशाही प्रजासत्ताक २३.४ लाख, इथे निव्वळ नशीब. उलट रशिया आला की पुढचं उत्तर ठरलेलंच, म्हणून तो काढलाय. खरी मजा नकाशा फसवतो तिथे आहे: मर्केटर नकाशावर (ध्रुवांकडचे भाग फुगवून दाखवणारा सपाट नकाशा) ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं, प्रत्यक्षात ते २१.७ लाख आणि भारत ३२.९ लाख. (स्वतंत्र देश नाही, तरी ठेवलंय.)

सध्या मोठा भागिले लहान हे गुणोत्तर १.१ ते २ मध्ये ठेवलंय आणि मागची २० कार्डं पुन्हा येऊ देत नाही. पण मोनॅको, व्हॅटिकनसारख्या चिमुकल्या देशांना या मर्यादेत जोडीदारच मिळत नाही. त्यांच्यासाठी मर्यादा सैल करावी की ते वगळावेत? असे खेळ केलेल्यांनी कृपया सांगा.