आरसेपबाहेर राहून चाकण-भोसरीने नेमके काय गमावले?

भोसरीचा कारखानदार
काल येथे एका सदस्याने लिहिले की, 4 नोव्हेंबर 2019 रोजी भारताने बँकॉकमध्ये आरसेपमधून, म्हणजे चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशियाई देशांसह होणाऱ्या मोठ्या मुक्त व्यापार करारातून, अंग काढून घेतले, ते पुण्यासारख्या शहरांतील लघुउद्योजकांच्या रडगाण्यामुळे; आणि तेव्हापासून पूर्व आशियाची उत्पादनसाखळी आपल्याला वगळून पुढे गेली. ज्याने कधी शेडचे वीजबिल भरलेले नाही, त्यालाच इतके बेफिकीर विधान सुचू शकते.

2004 साली थायलंडशी 82 वस्तूंवरील शुल्कसवलतीचा करार झाला, तेव्हाही आम्हाला साखळीचेच स्वप्न दाखवले होते. तोवर थायलंडशी असलेल्या व्यापारात आपली बाजू वरचढ होती. थोड्याच काळात तेथे तूट आली. पुढे 2010 मध्ये आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) आणि दक्षिण कोरिया, 2011 मध्ये जपान यांच्याशी करार लागू झाले आणि तिघांशीही असलेली व्यापारतूट वाढतच गेली. आरसेपच्या वाटाघाटीतील 15 पैकी 11 देशांशी आपली तूट होती, त्यांत चीनही होता. तयार भाग सवलतीत येणार आणि कच्च्या मालासाठी मी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) गुणवत्ता नियंत्रण आदेशांची कागदपत्रे गोळा करत बसणार, ही स्पर्धा नव्हे.

निर्यातविभाग
ते 'बेफिकीर विधान' माझेच. आपण जपान-कोरियाच्या करारांवर खापर फोडलेत, परंतु त्याच करारांमुळे तेथील पोलादही सवलतीत येते, हे सोयीस्करपणे गाळलेत.

मुख्य मुद्दा तूट हा नाहीच. आसियानने 1988 पासूनच वाहनांच्या सुट्या भागांसाठी आपसांत सवलती दिल्या. त्या आधारावर टोयोटाने डिझेल इंजिने थायलंडमध्ये, गिअरबॉक्स फिलिपाइन्समध्ये आणि स्टिअरिंगचे भाग मलेशियात करायचे, अशी कामाची विभागणी केली, कारण एकट्या देशाची बाजारपेठ सर्व भागांना पुरेशी नव्हती. आरसेपने हेच तत्त्व 15 देशांना लागू केले. थायलंडमध्ये जोडलेल्या 100 रुपयांच्या गिअरबॉक्समध्ये शुल्कसवलतीसाठी किमान 40 रुपयांचे मूल्य सदस्य देशांतले असावे, असा नियम धरू. व्हिएतनामचे 30 रुपयांचे गिअर त्यात मोजले जातात. आपल्या भोसरीचे मोजले जात नाहीत. मग तेथील खरेदी विभाग चौकशीचे पत्र तरी आपल्याकडे कशाला पाठवेल?

तळवडेकर
आपण दोघेही बँकॉकमध्ये भांडत आहात, माझी गाडी मात्र चाकणच्या तळेगाव चौकात उभी आहे. आम्ही टियर-टू, म्हणजे वाहन कंपनीच्या पुरवठादाराला माल देणारे पुरवठादार आहोत. ग्राहकाच्या लाइनवर मालाचा साठा जवळजवळ नसतोच, ठरल्या वेळी ट्रे पोहोचावा लागतो. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यांमुळे वाहतूक तुंबली, टेम्पो पोहोचेपर्यंत लाइन थांबली आणि महिन्याच्या हिशेबात आमच्या नावाने डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, निघाली. त्या भागांवर आम्हाला जो नफा मिळणार होता, त्याहून ती रक्कम मोठी होती. चालकाने फोनवर ट्रकांच्या रांगेचा व्हिडिओ पाठवला होता. खरेदी विभागाने तो पाहिला, सहानुभूती दाखवली आणि रक्कम कापली. ज्यांना तळवड्याहून चाकणला माल वेळेत नेता येत नाही, त्यांनी थायलंडमधल्या रायोंगच्या वाहन-साखळीत शिरण्याच्या गोष्टी करू नयेत.

निर्यातविभाग
रस्त्याचे दुःख खरे आहे, परंतु त्यासाठी वेगळा धागा काढावा.

तळवडेकर
वेगळा का? थायलंडने आपला पूर्व किनारा विकसित करताना लेम चाबांग बंदर आणि कारखाने एकमेकांच्या जवळ आणले. आपण आधी एमआयडीसीचे भूखंड वाटतो, मग कारखाने येतात आणि रस्त्याचे रुंदीकरण चर्चेत राहते. शुल्क दोन टक्क्यांनी उतरले काय किंवा चढले काय, न्हावाशेव्याचे जहाज चुकले की सगळे मुसळ केरात. वातानुकूलित कार्यालयात बसून हे दिसत नाही, एवढेच.

निवृत्त मूल्यनिर्धारक
वैयक्तिक शेरेबाजी टाळावी. आसियान करारात सवलतीसाठी किमान 35 टक्के मूल्य सदस्य देशांतले असावे आणि बाहेरून आणलेल्या मालाहून तयार वस्तूचे शुल्क-वर्गीकरण वेगळे असावे, अशा दोन अटी आहेत. तरीही फॉर्म एआय, म्हणजे त्या करारातील उगमाचा दाखला, जोडलेला माल नेमका कोठे बनला, असा प्रश्न आम्हा सीमाशुल्क खात्यातल्यांना वारंवार पडे. एका प्रकरणात खोक्यावरील पट्टी ओली करून काढली, तर खाली दुसऱ्याच देशाचे नाव होते. दाखला मात्र निर्दोष. 2020 मध्ये सीमाशुल्काचे कॅरोटार नियम आले आणि उगमाची माहिती आयातदारानेच बाळगावी असे ठरले, ते उगाच नव्हे. आरसेपमध्ये चीन प्रत्यक्षच बसलेला असताना तेवढीही आडकाठी उरली नसती.

भोसरीचा कारखानदार
धन्यवाद साहेब. निर्यातविभागांचे 40 रुपयांचे गणित बरोबर आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. परंतु तो गिअरबॉक्स जपानला जाणार असेल, तर तेथे वाहनांच्या सुट्या भागांवर मुळातच आयातशुल्क नाही. मग त्या गणिताला विचारतो कोण?

निर्यातविभाग
जपानचे मान्य. कोरिया आणि चीन शुल्क आकारतात, त्यांचे काय ते सांगा. आणि आसियान कराराच्या फेरविचारात आपली संघटना 35 टक्क्यांची अट कडक करण्याची मागणी करत असेल, तर एवढे ध्यानात असू द्या की ती अट आपल्या निर्यातीलाही लागू होईल. आपल्या गिअरमध्ये आयात केलेले पोलाद आणि बेअरिंग किती रुपयांचे आहे, याचा हिशेब येथे मांडलात, तर मीही तळवडेकरांसोबत चौकात येऊन उभा राहीन.