पोर्तो रिको: ‘केंद्रशासित’, ‘अंकित’ की ‘खालसा’?

रानजाई:
दिवाळी अंकासाठी पोर्तो रिको या कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरचा एक लेख मराठीत करतेय, आणि ‘टेरिटरी’ या शब्दापाशी अडलेय. मी ‘अंकित प्रदेश’ लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे ‘केंद्रशासित प्रदेश’ केलं. म्हणाले, वाचकाला चटकन कळतं. मला ते पटत नाही. अंदमानला विधानसभा नाही, पण तिथला खासदार लोकसभेत मत देतो, राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही देतो. पोर्तो रिकोचं नेमकं उलटं. स्वतःचं विधिमंडळ आहे, १९४८पासून गव्हर्नरही लोकच निवडतात. पण वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात त्यांचा जो एकुलता एक प्रतिनिधी बसतो, त्याला विधेयकावरच्या अंतिम मतदानात मत नाही. १९१७पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे, तरी राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही. ‘केंद्रशासित’ म्हटलं की हे सगळं दिसेनासं होतं. काय लिहू?

जुना कारकून:
‘राष्ट्रकुल’ लिहा. १९५२च्या त्यांच्या राज्यघटनेत इंग्रजीत कॉमनवेल्थच म्हटलंय, आणि कॉमनवेल्थला मराठीत रुळलेला शब्द तोच. नवे शब्द पाडायची गरज नाही.

पैलतीर:
कारकूनकाका, राष्ट्रकुल म्हटलं की मराठी माणसाला राष्ट्रकुल स्पर्धा आठवतात. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. हे राज्यही स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवतं. मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया, केंटकीसुद्धा. ती सगळी पूर्ण हक्काची राज्यं आहेत. स्पॅनिशमधलं नाव ‘एस्तादो लिब्रे असोसियादो’, म्हणजे ‘मुक्त सहयोगी राज्य’. त्यातल्या तिन्ही शब्दांवर बेटावरच भांडणं आहेत.

आमच्या ऑफिसात एक जण पोर्तो रिकोतल्या पॉन्से शहरातला आहे. फिलाडेल्फियात राहायला आला, नाव नोंदवलं आणि राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊन आला. त्याची आई पॉन्सेतच असते. तीही तितकीच अमेरिकन नागरिक, पण तिला ते मत नाही. उद्या इथलाच जन्म असलेला माणूस पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनला कायमचा राहायला गेला, तर त्याचंही जातं. याला एका शब्दात काय म्हणणार?

मिरजकर:
आमच्याकडे शब्द तयार आहे: खालसा. आजी सुनांची ओळख करून देताना ‘ही संस्थानातली, ती खालसातली’ असं म्हणायची. खालसा म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलातला मुलूख. साताऱ्याचं राज्य १८४८ला डलहौसीने खालसा केलं, तसंच हे बेट अमेरिकेने १८९८ला स्पेनकडून घेतलं. मूळ अरबी ‘खालिस’, म्हणजे निखळ, ज्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही असं.

तळटीप:
शब्द सुंदर आहे, पण इथे बसत नाही. खालसा झालेला मुलूख राज्यात जमा होतो. पोर्तो रिको जमाच झालं नाही, खरं दुखणं तेच आहे. तिथली संत्री न्यूयॉर्क बंदरात उतरली, त्यांच्यावर जकात लागली. व्यापारी कोर्टात गेला: बेट आपलंच, मग आयात कर कसला? १९०१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जकात कायम केली. बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण कराच्या कलमांपुरतं अमेरिकेचा भाग नाही, असं त्यात म्हटलं गेलं. मांडलिकही चालणार नाही; मांडलिकाला स्वतःची गादी असते आणि तो खंडणी देतो. इथे गादीही नाही आणि बेटावरच्या कमाईवर बहुतेकांना संघराज्याचा आयकरही नाही. ‘अंकित’च ठेवा.

आणि ‘नागरिक’ जपून वापरा. अमेरिकन सामोआ या अमेरिकेच्याच दुसऱ्या अंकित प्रदेशात जन्मलेला माणूस अमेरिकेचा ‘नॅशनल’ असतो, जन्माने नागरिक नसतो. त्याला मी ‘राष्ट्रिक’ म्हणेन.

मिरजकर:
मग संस्थानी रयतेचंच उदाहरण घ्या की! तीही कायद्याने ब्रिटिश प्रजा नव्हती, ‘ब्रिटिश संरक्षित’ होती. राष्ट्रिक हा शब्द कोशाबाहेर कुणाच्या तोंडी ऐकलाय का? माझ्या तरी कानावर नाही.

तळटीप:
तोंडी नाही म्हणून टाकायचा, तर ‘नागरिक’ तरी शेतकऱ्याच्या तोंडी कधी होता? नगरात राहणारा तो नागरिक. वापरला म्हणूनच रुळला.

मांडवीकाठ:
मी गोव्याची, म्हणून केंद्रशासितबद्दल बोलते. १६ जानेवारी १९६७ला आमच्याकडे जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. पानं जिंकली. १९८७ला राज्य होईपर्यंत आम्ही केंद्रशासितच होतो, पण दिल्लीत आमचे मत देणारे खासदार होते. त्याच १९६७च्या जुलैत पोर्तो रिकोनेही कौल दिला, तेव्हा साठ टक्क्यांनी आहे तेच निवडलं. त्यामुळे ताई, लेखात ‘प्लेबिसाइट’ आलं असेल तर ‘कौल’च लिहा. देवाला पाकळ्या लावून घेतात तोच शब्द.

जुना कारकून:
कौल मुळात अरबी, अर्थ ‘दिलेला शब्द’. पडीक जमीन कसणाऱ्याला सरकार कौलनामा द्यायचं, त्यात बांधला जायचा तो देणारा. गोव्याचा कौल दिल्लीने मानला. पोर्तो रिकोत २०२०ला बावन्न टक्क्यांहून जास्त लोकांनी अमेरिकेचं राज्य व्हायला होकार दिला, पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बेटाला राज्याचा दर्जा दिला नाही. त्याला कौल कसं म्हणायचं? मतचाचणी म्हणा.

मांडवीकाठ:
मतचाचणी मुळीच नको! वर्तमानपत्रवाले हजारभर लोकांना विचारून करतात ती चाचणी. इथे लोकांनी रांगेत उभं राहून मतपत्रिका भरल्यात. काँग्रेस ऐकत नाही, म्हणून त्यांच्या मताला मराठीतही आपण कमी लेखायचं का? आणि देवाचा कौल तरी कुठे देवाला बांधतो?